आधी वजन की आधी शस्त्रक्रिया?
जन्मजात हृदयदोष आणि बालकुपोषण : एक आढावा

कुपोषित मूल समोर आले की आपल्याकडे पहिला प्रश्न ताटाविषयी होतो. आई काय खाते, अंगणवाडीतून घरी न्यायच्या शिध्याची (टीएचआर) पाकिटे पोचतात का, वरचे अन्न कधी सुरू केले, पाठचे भावंड किती लवकर आले. प्रश्न रास्तच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली. एवढ्या गर्दीत वेगळ्या कारणाने रोडावलेले मूल उठून दिसत नाही. त्या वेगळ्या कारणांपैकी एक हृदयात असते. दर हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून जास्त बाळे दरवर्षी जन्माला येतात आणि त्यांतल्या पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतो, असा अंदाज आहे. या मुलांच्या वजनाभोवती गेली सात-आठ दशके एक वाद चालला आहे : आधी वजन वाढवायचे की आधी हृदय दुरुस्त करायचे? वादाच्या दोन्ही बाजूंना अनुभवी डॉक्टर आहेत आणि दोन्हींकडे आकडे आहेत. उपलब्ध पुराव्यावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे बनले आहे की वजन ही शस्त्रक्रियेची पात्रता मानण्याची सवय बहुतेक मुलांच्या बाबतीत आता टिकत नाही. ते हृदयाची अवस्था सांगणारे लक्षण म्हणून वाचले पाहिजे. मात्र या मताला हरकती आहेत आणि त्यांतल्या काही वजनदार आहेत.

बाळसे का धरत नाही

सगळे हृदयदोष मुलाला सारखे रोडावत नाहीत. सर्वांत जास्त फटका बसतो तो खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या, डॉक्टरी बोलीत ‘व्हीएसडी’च्या, बाळांना. जन्मल्यावर पहिले काही दिवस फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणून छिद्रातून फारसे रक्त वाहत नाही आणि बाळ ठणठणीत दिसते. चार ते आठ आठवड्यांत त्या वाहिन्या सैलावतात आणि डाव्या बाजूचे शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे, तिथून पुन्हा फुप्फुसांत लोटले जाऊ लागते. फुप्फुसे जड होतात, श्वास जलद होतो. मग जे घडते ते घरात आधी दिसते आणि दवाखान्यात नंतर. बाळ छातीला लागते, दोन-चार मिनिटे ओढते, धाप लागून सोडते; कपाळावर आणि डोक्यावर घाम येतो; दमून झोपी जाते आणि अर्ध्या तासात भुकेने रडत उठते. दिवसभर हेच चक्र. भोवतालच्या बायका यावर ‘आईला दूध पुरत नाही’ असा निकाल देतात, आणि अनेकदा बाटली सुरू होते. दूध असते, ते ओढून घेण्याची ताकद नसते.

कमी घेणे ही झाली एक बाजू. दुसरी बाजू खर्चाची आहे, आणि ती मोजली गेली आहे. व्हीएसडी असलेल्या अर्भकांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात वारंवार आठवला जातो. त्यात स्वस्थ पडलेल्या अवस्थेतला ऊर्जाखर्च निरोगी बाळांएवढाच निघाला. दिवसभराचा एकूण खर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे जादा ऊर्जा जाते ती बहुधा धापा टाकण्यात, रडण्यात आणि दूध ओढण्याच्या खटाटोपात. आता हिशेब मांडून पाहू. चार किलोच्या अशा बाळाला वाढीसाठी किलोमागे १४० उष्मांक हवे धरले, तर दिवसाला ५६० उष्मांक होतात. आईच्या दुधाच्या १०० मिलीत सरासरी ६७ उष्मांक असतात, म्हणजे ८३५ मिली दूध लागेल. फुप्फुसांवर भार नको म्हणून डॉक्टरांनी किलोमागे १२० मिलीची मर्यादा घातली, तर पोटात जाईल ते ४८० मिली, त्यातून मिळतील सुमारे ३२० उष्मांक. गरज आणि पुरवठा यांच्यातले २४० उष्मांकांचे हे अंतर केवळ आईच्या चिकाटीने भरून निघणारे नाही. वाद समजून घ्यायचा तर हा हिशेब हाताशी असलेला बरा.

निळ्या बाळांची, म्हणजे ज्यांच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो अशा फॅलोट टेट्रालॉजीसारख्या दोषांची, तऱ्हा निराळी. तिथे वजन एकदम घसरत नाही. वजन आणि उंची दोन्ही हळूहळू मागे पडतात. प्राणवायूच्या दीर्घ तुटवड्याने वाढीच्या संप्रेरकांच्या साखळीवर परिणाम होतो, असे काही अभ्यास सांगतात. शिवाय डाउन सिंड्रोम, नूनन सिंड्रोम असलेली किंवा गर्भातच कमी वाढलेली मुले असतात. त्यांची वाढ हृदय निर्दोष असते तरी सरासरीच्या खालीच राहिली असती. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या ८९० मुलांची १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या क्षेत्रातली पायाभूत मानली जाते. त्यात २७ टक्के मुले वजन आणि उंची दोन्हींत तळाच्या तीन टक्क्यांत मोडत होती. कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमधल्या ४७६ मुलांच्या २००८ च्या अभ्यासात तब्बल ५९ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने ठरलेल्या रेषेखाली होते, पण खुंटलेल्या उंचीची मुले २६ टक्केच. या दोन आकड्यांतली तफावत बोलकी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीत उंचीही खुंटते. इथे वजन आधी गेले आहे, आणि ते अलीकडे गेले आहे.

‘आधी वजन’ हे उत्तर कुठून आले

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरला आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी, हेलन टाउसिग यांच्या कल्पनेवरून आणि व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत बसवलेल्या तंत्राने, निळ्या बाळावरची पहिली शस्त्रक्रिया केली. ती मुलगी पंधरा महिन्यांची होती आणि वजन होते चार किलोंच्या आसपास, जेमतेम महिन्याच्या बाळाएवढे. म्हणजे निळ्या बाळांवरच्या शस्त्रक्रियांची सुरुवातच एका अतिकुपोषित मुलापासून झाली; वजन वाढेपर्यंत थांबायचे ठरले असते तर ती झालीच नसती. पुढे हृदय उघडून दुरुस्त करण्याचे यंत्र आले, पण ते मोठ्यांच्या मापाचे होते. लहानग्यांच्या रक्तात त्या यंत्राच्या नळ्या भरण्यासाठी बाहेरचे रक्त आणि द्रव इतका मिसळावा लागे की तान्ह्या बाळांचे मृत्यू फार होत. त्यामुळे १९५२ मध्येच निघालेला एक मधला मार्ग रूढ झाला : फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीवर पट्टी आवळून जादा रक्त रोखायचे, मूल वाढू द्यायचे आणि छिद्र नंतर बुजवायचे. ‘दहा किलो होऊ द्या, मग बघू’ हे वाक्य त्या काळाचे अपत्य आहे. न्यूझीलंडमध्ये ब्रायन बॅरेट-बॉइस आणि बोस्टनमध्ये आल्डो कास्टानेडा यांनी १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांच्या हृदयाची थेट, एकाच टप्प्यात दुरुस्ती करता येते हे दाखवून दिले. तंत्र बदलले, वाक्य मात्र अनेक गावांत अजून मुक्कामाला आहे.

तरीही हा पक्ष केवळ जुन्या सवयीवर उभा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शस्त्रक्रियेआधी रोडावलेली मुले व्हेंटिलेटरवर आणि अतिदक्षता विभागात जास्त दिवस राहतात, त्यांना जंतुसंसर्ग जास्त होतो, जखमा उशिरा भरतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा दिसले आहे. श्वासाचे स्नायूही स्नायूच. उपाशी शरीर तेही खाते. दोन-अडीच किलोंखालच्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत धोका खरोखर वाढतो. आणि खाटा मोजक्या असलेल्या रुग्णालयात एक मूल दोन आठवडे जास्त अडकले तर रांगेतली दुसरी मुले मागे पडतात, हा सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या शल्यविशारदांचा युक्तिवाद व्यवहाराला धरून आहे.

‘आधी शस्त्रक्रिया’ची बाजू

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे कार्यकारणभावाविषयी आहे. कमी वजनाच्या मुलांचे निकाल वाईट येतात हे खरे. पण वजन कमी का? कारण त्यांचे छिद्र मोठे, फुप्फुसांतला दाब जास्त, न्यूमोनियाच्या फेऱ्या अधिक, दवाखान्यात येण्यास उशीर अधिक. वजन हे त्या सगळ्याची बेरीज सांगते. बेरजेला दोष देऊन मूळ आकडे तसेच ठेवले तर काही साधत नाही. वरचा २४० उष्मांकांचा हिशेब इथे पुन्हा उपयोगी पडतो : मोठे छिद्र उघडे असताना वजन वाढवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, आणि थांबण्याच्या काळात मूल आणखी रोडावते, आणखी एक न्यूमोनिया काढते. कोचीच्याच गटाने २००२ मध्ये व्हीएसडी दुरुस्त केलेल्या अर्भकांचे निकाल मांडले. आधीचे रोडावलेपण आणि श्वसनसंसर्ग असूनही ते समाधानकारक होते. जी किंमत पडली ती अतिदक्षता विभागातल्या जादा दिवसांची. शस्त्रक्रियेनंतर वजनाची रेषा वर वळते हे तर जवळजवळ सगळीकडच्या अभ्यासांत दिसते. भारतीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत : मोठी व्हीएसडी, औषधांना न जुमानणारे हृदयाचे अपयश आणि खुंटलेली वाढ असेल तर शक्य तितक्या लवकर छिद्र बुजवावे. खुंटलेले वजन इथे थांबण्याचे कारण राहिलेले नाही, घाई करण्याचे कारण झाले आहे.

थांबण्यातला सगळ्यात फसवा धोका वेगळाच आहे, आणि सामान्य वाचकाला तो सहसा ठाऊक नसतो. फुप्फुसांच्या वाहिन्यांवर सतत जास्त दाबाचा मारा होत राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात. मग छिद्रातून फुप्फुसांकडे जाणारे रक्त आपोआप घटते. धाप कमी होते, घाम थांबतो, मूल दूध संपवू लागते, वजन वाढते. आईवडिलांना वाटते औषध लागू पडले, छिद्र भरले. कधी खरोखर भरलेले असतेही. पण मोठ्या छिद्राच्या बाबतीत हेच सुधारणेचे महिने दार बंद होण्याचे असू शकतात. वाहिन्यांतला बदल एका मर्यादेपलीकडे गेला की छिद्र बुजवणे धोक्याचे ठरते आणि पुढे आयझेनमेंगर नावाची, मूळ दोष दुरुस्त करण्यापलीकडे गेलेली अवस्था येते. ‘वजन वाढले की शस्त्रक्रिया’ हा नियम पाळणारे कुटुंब नेमके त्या वेळी, समाधानाने, उशिरा पोचते. म्हणून वजन वाढले तरी हृदयाची सोनोग्राफी (इको) पुन्हा करून घ्यावी लागते.

हा पक्षही सरसकट लावता येत नाही. वरच्या कप्प्यांमधले छिद्र, एएसडी, असलेली मुले बहुतेक वेळा नीट वाढतात आणि त्यांची दुरुस्ती दोन ते चार वर्षांच्या वयात सावकाश करता येते; असे मूल रोडावले असेल तर कारण दुसरीकडे शोधलेले बरे. अनेक टप्प्यांत शस्त्रक्रिया लागणाऱ्या, एकच कप्पा कामाचा असलेल्या मुलांत तर दोन टप्प्यांमधली वाढ हाच उपचाराचा भाग असतो.

मधल्या काळाचे काय

दोन्ही पक्ष जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे निदान आणि शस्त्रक्रिया यांमधला काळ. तो श्रीमंत देशांत दिवसांचा असतो, आपल्याकडे महिन्यांचा. या काळात नेमके कसे भरवावे याविषयी पुरावा आहे, पण थोडा. १९९० चा एक छोटा प्रयोग अजून आधार मानला जातो. वाढ खुंटलेल्या १९ अर्भकांचे तीन गट करून एकाला नाकातल्या नळीतून चोवीस तास सतत, दुसऱ्याला रात्रीचे बारा तास नळीतून आणि दिवसा तोंडाने, तिसऱ्याला फक्त तोंडाने असे पोषण दिले. किलोमागे १४० उष्मांकांचा पल्ला गाठून वाढले ते फक्त पहिल्या गटातले. निष्कर्ष आशादायक; पण चोवीस तास नळी आणि पंप घरी चालवणे नंदुरबारच्या पाड्यावर सोडाच, पुण्यातल्या चाळीतही सोपे नाही. नळी श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेतते. म्हणून आपल्याकडची केंद्रे काढलेले आईचे दूध वाटी-चमच्याने थोडे थोडे, दर दोन तासांनी देणे आणि त्यात पोषक भुकटी किंवा तेल मिसळणे यांवर भर देतात. पाच मिली तेलातून चाळीसेक उष्मांक मिळतात, द्रव वाढत नाही. मात्र नुसत्या तेलाने प्रथिनांचा वाटा घटतो. वजनकाटा हलतो तो चरबीने, स्नायूंनी नव्हे. त्यामुळे हे मिश्रण आहारतज्ज्ञाने ठरवून द्यायचे असते, घरच्या अंदाजाने नव्हे. बाटली बाळाला सोपी जाते हा समजही तपासून पाहिला गेला : १९९५ च्या एका लहान अभ्यासात छातीला पिताना या बाळांच्या रक्तातला प्राणवायू बाटलीच्या तुलनेत अधिक स्थिर राहिला.

मापन हीच काळजी ठरू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे. तिथे २००० पासून एककप्पी हृदयाच्या बाळांना पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवताना वजनकाटा आणि ऑक्सिमीटर सोबत दिला गेला. आईवडिलांनी रोज नोंद करायची आणि वजन ठरावीक ग्रॅमने वाढले नाही की लगेच फोन करायचा. दोन टप्प्यांमधले मृत्यू त्यानंतर लक्षणीय घटले, आणि ही पद्धत पुढे अनेक केंद्रांनी उचलली. नवे औषध यात काहीच नव्हते. वजन न वाढणे हा हृदयाचा धोक्याचा इशारा मानला गेला, इतकेच.

आपल्या व्यवस्थेतल्या फटी

वजन मोजण्याची यंत्रणा महाराष्ट्राला नवी नाही. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने उभी केली आणि तिच्यावरूनच आशा कार्यकर्तींच्या घरभेटींची राष्ट्रीय योजना घडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली; जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे आणि सापडलेल्या मुलाचा उपचार मोफत व्हावा अशी त्यात तरतूद आहे. पण वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. आशाची नवजात-भेटींची मालिका ४२ व्या दिवशी संपते. पुढच्या मालिकेतली पहिली भेट तिसऱ्या महिन्यात. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. मोठ्या छिद्राचे बाळ दमू लागते ते नेमके चौथ्या ते बाराव्या आठवड्यात. प्रसूतिगृहातल्या ऑक्सिमीटरनेही ते सापडत नाही, कारण ते गुलाबीच असते. ते यंत्र निळी बाळे शोधते. या फटीत एक ठरलेली भेट मात्र असते : सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या लसी. तिथे सुईआधी वजन, मिनिटाचे श्वास आणि ‘पिताना घाम येतो का’ हा एक प्रश्न, इतके नेमाने झाले तर बरीच मुले वेळेत सापडावीत असे तर्काने दिसते.

दुसरी फट पोषण पुनर्वसन केंद्रांत आहे. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की सहा महिन्यांवरचे मूल ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित, ठरते आणि ठरलेल्या क्रमाने आधी एफ-७५, मग एफ-१०० हे दूध सुरू होते. अन्नाच्या कमतरतेने रोडावलेले मूल यावर झपाट्याने भरते. दिवसाला किलोमागे दहा ग्रॅम ही चांगली गती समजतात, पाचच्या आत वाईट. हृदयदोष असलेले मूल याच आहारावर दोन तऱ्हांनी फसवते : एकतर भरत नाही, किंवा अंगात पाणी साठून भरल्यासारखे दिसते. अतिकुपोषणाने हृदयाचा स्नायू स्वतःच पातळ झालेला असतो आणि रक्तक्षयाने स्टेथोस्कोपमध्ये आवाज येतो, त्यामुळे डॉक्टरचीही पंचाईत होते. आहार देऊनही न वाढणाऱ्या प्रत्येक मुलाचा इको करावा का? जिल्हा रुग्णालयांतले बालहृदयरोगतज्ज्ञांचे दुर्भिक्ष पाहता ‘हो’ म्हणणे सोपे, करणे अवघड. केरळने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘हृद्यम’ योजनेत नोंदणीपासून खाट मिळेपर्यंतचा प्रवास एकाच ऑनलाइन यादीत बांधला. कुपोषणाच्या नोंदी आणि हृदयाच्या नोंदी अशा जोडण्याचा विचार आपल्याकडे व्हायला हरकत नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. गरीब घरात अन्नच अपुरे असेल तर हृदय दुरुस्त करून वजन कसे वाढणार? आक्षेपात तथ्य आहे. कोचीच्या गटाने २००९ मध्ये शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा मांडला, तेव्हा सुधारणा झाली होती पण पुरी नव्हती. मागे राहिलेल्या मुलांचे धागे हृदयदोषाच्या प्रकारापेक्षा जन्मवेळचे कमी वजन, आधीचे कुपोषण आणि आईवडिलांची शरीरयष्टी यांच्याशी जुळत होते. म्हणजे छिद्र बुजवल्यावर जे उरते ते बरेचसे भारतातल्या इतर मुलांचेच कुपोषण असते. यावरून शस्त्रक्रिया लांबवावी असे निघत नाही; ती झाल्यावर मूल अंगणवाडीच्या यादीतून गळू नये, एवढे निघते. प्रत्यक्षात हृदयरोग विभाग टाके काढून मोकळा होतो, आणि गावात ‘ऑपरेशन झालेले मूल’ म्हणून त्याला खेळायला, पळायला, कधी पोटभर खायलाही मज्जाव होतो.

काही प्रश्न अजून मोकळे आहेत. शस्त्रक्रियेआधी दोन-तीन आठवडे रुग्णालयात ठेवून नेटाने भरवल्यास निकाल सुधारतात का, याची मोठी आणि निष्पक्ष चाचणी भारतासारख्या परिस्थितीत व्हायला हवी. पहिल्या वर्षातले हे रोडावणे मेंदूच्या वाढीवर किती परिणाम करते, आणि त्यातला किती वाटा अन्नाचा व किती प्राणवायूचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. डाउन सिंड्रोमच्या मुलांचे वजन कोणत्या तक्त्यावर मोजावे, इथपासून मतभेद आहेत. आणि भरवण्याच्या उत्साहालाही मर्यादा हवी : बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या रुग्णालयांतल्या २००७ च्या पाहणीत हृदयविकार असलेल्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा जादा वजनाचा किंवा स्थूल निघाला. आपल्या शहरांतल्या हृदयदोष-तपासणीच्या रांगांमध्येही ही दुसऱ्या टोकाची मुले येऊ लागतील, तेव्हा ‘आणखी खाऊ घाला’ हा सल्ला कधी थांबवायचा, हेही कुणीतरी ठरवून ठेवावे लागेल.